साठ टनांची ‘इंडस’ : अर्देशीर कर्सेटजी वाडिया

लंडनच्या रॉयल सोसायटीचे सभासदत्व मिळवणारा पहिला भारतीय कोण, असे विचारले तर आपल्यापैकी बहुतेकजण श्रीनिवास रामानुजन यांचे नाव घेतील. काही महिन्यांपूर्वी मीही तेच घेतले असते. रामानुजन यांना तो मान १९१८ साली मिळाला. पण त्यांच्या आधी ७७ वर्षे, म्हणजे १८४१ साली, तोच मान एका मुंबईकराला मिळालेला होता. आणि हा मुंबईकर गणिती नव्हता, प्राध्यापक नव्हता, विद्यापीठातला पदवीधरही नव्हता. (मुंबई विद्यापीठ तेव्हा होते कुठे? ते १८५७ सालचे.) तो गोदीत वाढलेला एक जहाजबांधणी करणारा पारशी होता आणि माझगावला राहत होता. आमच्या लालबागहून माझगाव ते किती दूर! पण आमच्या चाळीत एकालाही त्याचे नाव ठाऊक नाही. त्याचे नाव अर्देशीर कर्सेटजी वाडिया.

खरे सांगायचे तर मीही हे नाव आपणहून शोधले नाही. मुंबई घडवणाऱ्या माणसांवर लिहायचे असे वर्गात ठरले, तेव्हा नाना शंकरशेट, बाळशास्त्री जांभेकर, भाऊ दाजी लाड ही नावे पटापट संपली. शेवटच्या बाकावर बसणारीच्या वाट्याला जे उरले ते हे. आता वाटते की उरलेलेच बरे मिळाले.

वाडिया घराणे मूळचे सुरतेचे. लवजी नसरवानजी नावाच्या एका कसबी मिस्त्रीला ईस्ट इंडिया कंपनीने १७३५-३६ च्या सुमारास सुरतेहून मुंबईत आणले आणि गोदीचे काम त्याच्या हाती सोपवले. तेव्हापासून मुंबईच्या गोदीतले मुख्य बांधकाम-मिस्त्रीचे पद, ज्याला इंग्रजीत मास्टर बिल्डर म्हणत, ते पिढ्यान् पिढ्या याच घराण्यात राहिले. मलबारचे सागवान आणि वाडियांचा हात या दोन गोष्टींवर मुंबईचे नाव जगाच्या समुद्रांवर गेले. १८१३ साली इथे बांधलेल्या ‘कॉर्नवॉलिस’ या युद्धनौकेवरच १८४२ साली इंग्रज आणि चीन यांच्यात नानकिंगचा तह झाला. १८१७ साली पाण्यात सोडलेली ‘त्रिंकोमाली’ तर आजही इंग्लंडमध्ये हार्टलपूल गावी तरंगते आहे. दोनशेहून अधिक वर्षे झाली तरी मुंबईचे सागवान कुजलेले नाही.

अशा घरात ६ ऑक्टोबर १८०८ रोजी अर्देशीर यांचा जन्म झाला. त्यांचे वडील कर्सेटजी रुस्तमजी हेही गोदीतच होते. १८२२ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, अर्देशीर वडिलांच्या हाताखाली गोदीत रुजू झाले. आपण त्या वयात नववीच्या वर्गात असतो. त्यांची नववी, दहावी, बारावी सगळी तिथेच झाली. लाकूड कसे पारखायचे, बोटीचा सांगाडा कसा उभा करायचा, सांध्यातून पाणी येऊ नये म्हणून काय करायचे, हे त्यांनी पुस्तकात वाचले नाही, हाताने केले.

पण त्यांचे मन लाकडात फार रमले नाही. ते लोखंडाकडे आणि वाफेकडे ओढले गेले. याला कारण काळ होता. १८२९ साली याच गोदीत नवरोजी जमशेटजी वाडिया यांनी ‘ह्यू लिंडसे’ नावाची ४११ टनांची आगबोट बांधली. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. या बोटीची गोष्ट मोठी मजेदार आहे. तिच्यात साडेपाच दिवस पुरेल एवढ्याच कोळशाची सोय होती, आणि एडन तर सोळाशे मैलांवर! तेव्हा जिथे जागा मिळेल तिथे कोळसा भरला. बोट इतकी खाली बसली की समुद्र जवळजवळ डेकला लागला. अकराव्या दिवशी ती एडनला पोचली तेव्हा जेमतेम सहा तासांचा कोळसा उरला होता. वाऱ्याची वाट न पाहता मुंबईहून तांबड्या समुद्रात जाता येते, हे मात्र त्या प्रवासाने सिद्ध झाले.

अर्देशीर तेव्हा २१ वर्षांचे होते. ती बोट त्यांच्या डोळ्यांदेखत तयार झाली होती. तिचा सांगाडा मुंबईचा, मिस्त्री मुंबईचे. पण तिच्या पोटातली इंजिने इंग्लंडहून आलेली आणि ती चालवणारेही इंग्रज. माझ्या मते अर्देशीर यांच्या चरित्राची किल्ली इथे आहे. लाकूड आपले आणि लोखंड साहेबाचे, अशी एक वाटणीच त्या काळी होऊन बसली होती. शंभर वर्षे ज्या घराण्याने गोदीवर राज्य केले, ते घराणे आता साहेबाच्या यंत्राला लाकडी पेटी करून देणारे सुतार होऊन राहणार की काय, असा प्रश्न होता. घरातल्या इतरांना तो तितकासा बोचला नसावा, कारण कामे चालू होती आणि मानही होता. या तरुणाला मात्र तो बोचला असे त्याच्या पुढच्या वागण्यावरून दिसते.

गोदीतले काम सांभाळून अर्देशीर यांनी आधी स्वतःच्या हाताने एका अश्वशक्तीचे छोटे वाफेचे इंजिन तयार केले. एक अश्वशक्ती म्हणजे किती? आज चाळीतल्या टाकीवर पाणी चढवायला जो पंप बसवतात, त्याएवढीच. पण त्या काळी मुंबईत आगगाडी नव्हती, गिरणी नव्हती, इंजिनाचा सुटा भाग विकणारे दुकान नव्हते. लोखंड ओतायचे, घासायचे, दट्ट्या आणि नळकांडे यांच्यातून वाफ निसटणार नाही इतके नेमके बसवायचे, हे सगळे शिकवणारा कोणी नसताना जमवायचे होते. माझगावच्या आपल्या राहत्या जागी त्यांनी पुढे ओतकामाची भट्टीच घातली.

आणि १८३३ साली त्यांची ‘इंडस’ ही बोट पाण्यात उतरली. ६० टनांची. (हा टन वजनाचा नव्हे, बोटीत किती माल मावतो त्याचे हे माप असे.) ‘ह्यू लिंडसे’च्या जेमतेम सातव्या हिश्शाएवढी ती होती. पण तिच्यात वाफेचे इंजिन बसवणारा माणूस हिंदी होता आणि त्याचे वय होते अवघे पंचविशीचे. पुढे रॉयल सोसायटीत त्यांचे नाव सुचवले गेले तेव्हा याच छोट्या बोटीचा आवर्जून उल्लेख झाला. थोरल्या युद्धनौका बांधणाऱ्या घराण्यातल्या माणसाची ओळख एका लहानशा बोटीने व्हावी हे मला फार आवडले.

लहान बोटीत इंजिन बसवणे हे मोठ्या जहाजात बसवण्यापेक्षा सोपे, असे आपल्याला वाटते. ते तसे नाही, हे मला माझ्या पप्पांमुळे माहीत आहे. थोडे विषयांतर करते.

माझे आजोबा गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर गिरणी सुटली आणि पप्पा शाळा सोडून कामाला लागले. पुढे ते भाऊच्या धक्क्यावर बोटींची मशीन दुरुस्त करायला शिकले, आणि आजही तेच करतात. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर त्यांच्याकडे एक रबराची, हवा भरायची बोट चाचणीसाठी आली होती. मी डबा द्यायला गेले होते ती संध्याकाळपर्यंत तिथेच राहिले. बोट जोड-कण्याची होती. दोन लांब फुगीर नळ्या, त्यांच्यामध्ये तळाला मोकळी जागा, आणि मागच्या फळीवर बाहेरून अडकवलेले पंधरा अश्वशक्तीचे मशीन. अशा बोटीला कॅटामरान म्हणतात. हा शब्द इंग्रजी वाटतो, पण तो तमिळ आहे. कट्टुमरम म्हणजे बांधलेली लाकडे. आपल्याच किनाऱ्यावरचा शब्द विलायतेला जाऊन परत आला.

चाचणी म्हणजे नुसते मशीन सुरू करून एक फेरी मारणे नव्हे. आधी नळ्यांतली हवा पाहिली. उन्हात ती फुगते आणि बोट थंड पाण्यात उतरली की सैल पडते, म्हणून पाण्यात उतरवल्यावर पुन्हा पाहिली. मग मशीन चालू. मशीनच्या अंगातून पाण्याची एक बारीक धार सतत बाहेर पडली पाहिजे, कारण तेच पाणी त्याला गार ठेवते. ती धार थांबली तर लगेच बंद करायचे. एकटे पप्पा बसून गेले तेव्हा बोट सुरेख पळाली. चार माणसे बसवली आणि वेग वाढवला तर मशीन एकदम किंचाळायला लागले, आणि बोट जागच्या जागी! धक्क्यावरून बघणाऱ्यांना वाटले मशीन बिघडले. पण बिघाड काहीच नव्हता. दोन नळ्यांच्या मधून येणारे पाणी फेसाळून हवेने भरत होते आणि तेच नेमके पंख्यापुढे येत होते. पंख्याला धरायला पाणीच मिळेना, तो नुसता हवेत फिरत होता. पप्पांनी मशीन फळीवर जरा खाली घेतले, पेट्रोलची टाकी मागून पुढे सरकवली आणि पुन्हा गेले. मग दोन खांबांमधले अंतर घड्याळ लावून भरतीच्या बाजूने एकदा आणि भरतीच्या विरुद्ध एकदा कापले. एकाच दिशेने मोजले तर तो बोटीचा वेग नव्हे, त्यात पाण्याचाही वेग मिसळलेला असतो. आपल्या बंदरात उधाणाच्या दिवशी पाणी चार मीटरहून अधिक चढते, तेव्हा ओढ किती असेल याचा विचार करा.

संध्याकाळी चाचणीचा कागद भरला गेला. सगळे आकडे पप्पांनी सांगितले. खाली सही मात्र धक्क्यावर सावलीत उभ्या असलेल्या दुसऱ्याच एका गृहस्थांची झाली. पप्पांकडे प्रमाणपत्र नाही, त्यामुळे त्यांची सही चालत नाही. पप्पांना त्याचे काही वाटलेले दिसले नाही. मला मात्र वाटले.

तर सांगायचे ते हे की बोट आणि इंजिन ही दोन वेगवेगळी जनावरे आहेत, आणि ती एका दावणीला बांधणे ही खरी कसोटी. अर्देशीर यांच्या काळी बोटीच्या मागे पंखा नसे. पंख्याची युक्ती १८३६ नंतर पुढे आली. त्याआधी बोटीच्या दोन्ही अंगांना मोठी चाके असत आणि त्यांच्या फळ्या पाणी मागे लोटत. पण अडचण पप्पांच्या बोटीसारखीच. चाक पाण्यात फार बुडाले तर अर्धी ताकद पाणी उपसण्यातच जाते. कमी बुडाले तर फळ्या वरच्या फेसाला थापट्या मारतात. त्यातून कोळसा जळत जातो तशी बोट हलकी होऊन वर येते, म्हणजे सकाळी नीट बुडालेले चाक संध्याकाळी उघडे पडते. बोट एका अंगावर कलली की एक चाक पाण्यात आणि एक हवेत. शिवाय बॉयलरमध्ये खारेच पाणी घालावे लागे. त्याचे मीठ आत थरावर थर बसे, आणि ते वेळच्या वेळी बाहेर सोडले नाही तर पत्रा जळून जाई. मोठ्या जहाजाला या चुका पचतात. ६० टनांच्या बोटीत दोन मण कोळसा इकडचा तिकडे झाला तरी ती कुरकुरते. अशी बोट ज्याने पाण्यावर चालवून दाखवली त्याला लाकूड आणि लोखंड दोन्ही कळत होते, याला आणखी पुरावा कशाला हवा?

दुसऱ्याच वर्षी, १८३४ साली, अर्देशीर यांनी माझगावचा आपला बंगला आणि बाग गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकली. ती रोषणाई पाहायला गव्हर्नर अर्ल ऑफ क्लेअर स्वतः आले. गव्हर्नरचा बंगला तेव्हा परळला होता, आज जिथे हाफकिन संस्था आहे त्याच वास्तूत. परळहून माझगावला येताना त्यांची गाडी अंधारातून आली असेल, कारण मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागायला १८६५ साल उजाडले. लालबागला गॅस कंपनीची गल्ली आपण सगळेच ओळखतो. त्या गॅसची मुंबईतली पहिली ज्योत एका पारशाच्या बागेत, तीस वर्षे आधी पेटली होती, हे त्या गल्लीत लहानाची मोठी झालेल्या माझ्या मैत्रिणींनाही नवीन होते.

या सुमारास आपल्या मराठी समाजातही उजाडत होते. १८३२ साली बाळशास्त्री जांभेकरांनी ‘दर्पण’ काढले. बाळशास्त्री अर्देशीर यांच्याहून तीन-चार वर्षांनी लहान. ते एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये शिकवत. त्याच संस्थेत हिंदी विद्यार्थ्यांना यंत्रविद्या आणि रसायन शिकवण्यात अर्देशीर यांनीही भाग घेतला. इतिहासाच्या पुस्तकात एकाचे नाव ठळक आणि दुसऱ्याचे मुळीच नाही. शब्दाचे काम करणाऱ्यांची आठवण शब्दांत राहते आणि हाताचे काम करणाऱ्यांची राहत नाही, असे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आले आहे.

१८३९ साली अर्देशीर इंग्लंडला निघाले. आगबोटीच्या यंत्रांचे अद्ययावत ज्ञान मिळवणे हा हेतू. त्यांचेच दोन भाऊबंद, जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी, जहाजबांधणी शिकायला आधीच तिकडे जाऊन राहिले होते. सुएझचा कालवा नव्हता (तो १८६९ सालचा), त्यामुळे सुएझला उतरून खुष्कीने इजिप्त ओलांडायचे आणि पलीकडे दुसरे जहाज धरायचे, असा तो प्रवास. या प्रवासाची रोजनिशी त्यांनी इंग्रजीत लिहिली आणि ती १८४० साली लंडनला छापली गेली. तिथे त्यांनी कारखाने पाहिले, इंजिने करणाऱ्यांना भेटले, सिव्हिल इंजिनिअरांच्या संस्थेचे सहसभासद झाले, व्हिक्टोरिया राणीच्या दरबारातही जाऊन आले. दरबाराचे मला फारसे अप्रूप वाटत नाही. इंग्लंडमधून ते जे घेऊन आले ते महत्त्वाचे. कंपनीच्या संचालकांनी मुंबईच्या आगबोट कारखान्याचे आणि ओतशाळेचे मुख्य इंजिनिअर आणि यंत्रनिरीक्षक म्हणून त्यांची नेमणूक केली. पगार दरमहा ६०० रुपये. १ एप्रिल १८४१ रोजी त्यांनी कामाचा ताबा घेतला. पुढच्याच महिन्यात, २७ मे १८४१ रोजी, तिकडे लंडनला रॉयल सोसायटीने त्यांची निवड केली.

एवढे झाल्यावर मुंबईने त्यांना खांद्यावर घेऊन मिरवले असेल असे वाटेल. झाले उलटेच. त्यांच्या हाताखाली एक मुख्य साहाय्यक, चार युरोपियन फोरमन, सुमारे शंभर युरोपियन इंजिनिअर आणि बॉयलर बांधणारे, आणि सुमारे दोनशे देशी कारागीर होते. शंभर गोरे एका काळ्याच्या हुकमात! मुंबईतल्या एका इंग्रजी वृत्तपत्राने याला उघड विरोध केला. हिंदी माणूस कितीही शिकलेला, कितीही हुशार असला तरी युरोपियनांवर अंमल चालवायला तो नालायक, असे त्या लिखाणाचे सार होते. लक्षात घ्या, त्यांना काम येत नाही असे कोणीच म्हणाले नाही. काम येते की नाही याचा निकाल ‘इंडस’ने पाण्यावर दिलेला होता. आक्षेप कामावर नव्हताच, आक्षेप माणसावर होता.

वाचताना मला त्या चाचणीच्या कागदावरची सही आठवली. दोन्ही गोष्टी एक नव्हेत, हे मला कळते. प्रमाणपत्र मागणे आणि कातडीचा रंग पाहणे यांत फरक आहे; प्रमाणपत्र निदान अभ्यास करून मिळवता येते. म्हणून तर घरातून मला कॉलेजात धाडले. पण पाण्यात उतरणारा एक आणि पात्र कोण ते ठरवणारा दुसरा, ही रीत काही आजची नाही.

अर्देशीर यांनी वर्तमानपत्राला उत्तर देत बसण्यापेक्षा कारखाना चालवला. थोडाथोडका नव्हे, सोळा वर्षे. कंपनीच्या आगबोटी सुएझ, इराणचे आखात, चीनपर्यंत जात. त्या परत आल्या की त्यांचे बॉयलर, दट्टे, चाके याच कारखान्यात दुरुस्त होत. त्यात खंड पडला असता तर विरोधकांना मुद्दा मिळाला असता. सोळा वर्षांत तो त्यांना मिळाला नाही.

इथे माझी एक तक्रार आहे, ती अर्देशीर यांच्याविषयी नाही, चरित्रे लिहिणाऱ्यांविषयी आहे. त्या कारखान्यातले दोनशे देशी कारागीर कोण होते? ओतकाम करणारे, भट्टीपुढे उभे राहणारे, घण मारणारे कोण? मुंबईच्या आसपासचेच असणार, कोकणातले, गुजरातेतले. चरित्रांत ते फक्त आकड्याने उभे राहतात. हेही खरे की अर्देशीर यांच्या मागे घराणे होते, पैसा होता, माझगावला भट्टी घालण्याइतकी जागा होती. त्यांच्याच वयाच्या एखाद्या गरीब लोहाराच्या मुलाला वाफेचे वेड लागले असते तर त्याची ‘इंडस’ झाली नसती. म्हणून अर्देशीर लहान ठरत नाहीत. सुखवस्तू घरातल्या किती मुलांनी त्या काळी हात काळे करून घेतले?

कारखान्याबाहेरही त्यांचे डोके स्वस्थ नव्हते. १८४९ साली ते अमेरिकेला गेले. तेथे लाकूड कापायची यंत्रे पाहून त्यांतली काही विकत घेऊन त्यांनी मुंबईला पाठवली. सुताराच्या घराण्यातला माणूस सुताराचे काम करणारे यंत्र आणतो, यात एक गंमत आहे आणि थोडे दुःखही. शिवणयंत्र, फोटोग्राफी, विजेच्या साहाय्याने धातूवर मुलामा देण्याची रीत, या गोष्टी मुंबईला पहिल्यांदा दाखवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. १८५५ साली ते जस्टिस ऑफ द पीस झाले.

पण मला त्यांच्या उत्तरायुष्यातली सर्वात मोठी गोष्ट वाटते ती फेब्रुवारी १८५१ ची. त्या महिन्यात त्यांनी ‘लवजी फॅमिली’ नावाची आगबोट पाण्यात सोडली. तिचे सर्व भाग त्यांनी माझगावच्या आपल्या खासगी ओतशाळेत केले होते. १८२९ साली ‘ह्यू लिंडसे’च्या वेळी जी वाटणी होती, लाकूड आपले आणि लोखंड साहेबाचे, ती या बोटीने मोडली. मुंबईहून ठाण्याला पहिली आगगाडी सुटायला अजून दोन वर्षे होती, आणि कावसजी दावर यांची पहिली कापडगिरणी निघायला तीन. परळ-लालबागच्या ज्या गिरण्यांत आमच्या दोन पिढ्या राबल्या, त्यांची इंजिने यायच्या कितीतरी आधी मुंबईच्या माणसाने मुंबईत इंजिन ओतून, घासून, बोटीत बसवून चालवले होते. मात्र पुढे गिरण्या निघाल्या तेव्हा त्यांची यंत्रे लँकेशायरहूनच आली. माझगावच्या त्या भट्टीतून कारखान्यांची रांग का उभी राहिली नाही, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी उत्तर द्यावे असा प्रश्न आहे. मला एवढेच दिसते की राज्य ज्याचे, यंत्राचा बाजारही त्याचाच होता.

१ ऑगस्ट १८५७ रोजी अर्देशीर निवृत्त झाले. उत्तरेत तेव्हा बंड पेटलेले होते. पुढे १८६१ साली सिंधमधल्या कोटरी येथे इंडस फ्लोटिला कंपनीच्या आगबोट विभागाचे प्रमुख इंजिनिअर म्हणून त्यांना बोलावणे आले. पंचविशीत ज्या नदीचे नाव त्यांनी आपल्या पहिल्या बोटीला दिले होते, तिच्याच काठावर त्यांनी पन्नाशीनंतर नोकरी केली. दोन वर्षे तिथे काढून ते १८६३ मध्ये मोकळे झाले.

त्यांच्या घरगुती आयुष्याविषयी थोडेच लिहिते. मुंबईत त्यांचा पारशी रीतीप्रमाणे विवाह झालेला होता, आणि पुढे एका इंग्रज स्त्रीबरोबरही त्यांचा संसार झाला. त्या काळच्या मुंबईत, आणि तेही पारशी समाजात, या गोष्टीची किंमत काय मोजावी लागली असेल ते सांगायला नको. दोन्ही घरांतल्या बायकांच्या बाजूने कोणी लिहिलेले असते तर चरित्र निराळे झाले असते.

अखेरची वर्षे त्यांनी इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या रिचमंड गावी काढली. तिथेच १६ नोव्हेंबर १८७७ रोजी, वयाच्या ७० व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. भारत सरकारने १९६९ साली त्यांच्या नावाचे तिकीट काढले आणि त्यासाठी दिवस निवडला तो रॉयल सोसायटीत निवड झाली तोच, २७ मे. रिचमंडच्या घराला मात्र त्यांनी सोसायटीचे नाव दिले नव्हते की राणीचे. सुरतेहून आलेल्या त्या पहिल्या मिस्त्रीचे नाव त्या घराला होते. लवजी.